अठ्ठावीस नंबरच्या ट्राममधून मी उतरलो नाही

लिस्बनमध्ये माझी बायको हरवली होती, ही गोष्ट अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या बऱ्याच मराठी घरांना पाठ आहे. ती मीच सांगत आलो. गणपतीत, दिवाळीच्या पॉटलकला, कुणाच्या साठीला, आणि एकदा तर मंडळाच्या स्टेजवर हातात माइक घेऊन. गावात नवीन कुटुंब राहायला आलं की जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणायचं, "काका, लिस्बनचं सांगा ना." मी "अरे, किती वेळा ऐकणार" असं म्हणायचो आणि सांगायचो. बायको तिथेच बसलेली असायची. सगळे हसले की तीही हसायची.

ती गोष्ट खोटी आहे. बायको हरवली नव्हती. हे सात वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे, लिहिताना बोटं दुखतात, आणि या वयात स्वतःविषयी असं काही लिहिण्याचा उत्साहही नाही. पण ती गोष्ट फिरत फिरत एका डॉक्टरच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसली, म्हणून लिहायला घेतलं.

गेल्या हिवाळ्यात बायको विसरायला लागली. तसं आम्ही दोघंही विसरतो, पण हे वेगळं होतं. गॅसवर दूध ठेवून ती अंगणात जायची. मुलीला फोन करून एखादी गोष्ट सांगायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा फोन करून तीच सांगायची. ती दर शनिवारी मंडळाच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते. पंधरा वर्षं त्याच रस्त्याने गाडी चालवत जाते. फेब्रुवारीत एका शनिवारी ती कुठल्यातरी गॅस स्टेशनवरून मला फोन करून म्हणाली, "अहो, मी कुठे आले ते मला समजत नाहीये." मी तिला आणायला गेलो. ती गाडीच्या दाराला टेकून उभी होती, वह्यांची पिशवी छातीशी धरून.

मुलगी इथून अर्ध्या तासावर राहते. हायस्कुलात बँड शिकवते. साठ पोरांना एका वेळी वाजवायला लावणारी बाई, तिने दोन दिवसांत डॉक्टरची वेळ मिळवली. आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण होती, मुलीहूनही लहान असावी. तिने विचारलं, हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?

मुलगी म्हणाली, "ऑनेस्टली? लिस्बनपासून." आणि तिने माझी गोष्ट सांगितली. तिच्या तोंडून ती विनोदी वाटली नाही. सात वर्षांपूर्वी आई एका परक्या शहरात बाबांच्या मागे चालता चालता तिथल्या निळ्या नक्षीच्या टाइल्सच्या दुकानापाशी थांबली, कुठे आहोत याचं तिला भान राहिलं नाही, आणि चार-पाच तासांनी एक पोलीस तिला हॉटेलवर घेऊन आला. "आम्ही सगळे हसायचो," मुलगी म्हणाली. "वुई शुड हॅव नोन."

डॉक्टर टाइप करत होती. म्हणजे सात वर्षं हळूहळू वाढत आलंय, असं काहीतरी म्हणाली, आणि माझ्याकडे वळून तिने विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

मी "राइट" म्हटलं.

बायको मधल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरने तपासण्या लिहून दिल्या. पुढच्या काही वर्षांचा विचार आतापासून करून ठेवा म्हणाली, आणि गाडी चालवणं बंद. घरी आल्यावर मुलगी आईच्या शेजारी बसून तिचा हात धरून म्हणाली, "आई, जस्ट फॉर नाऊ. किल्ली माझ्याकडे राहू दे." बायकोने जुडग्यातून गाडीची किल्ली सोडवली. मग शाळेच्या कपाटाची छोटी किल्लीही सोडवली. मुलगी म्हणाली, ती राहू दे की. बायको म्हणाली, "जायचंच नाही तर हिचं काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिने मला विचारलं, "खरंच तेव्हापासूनच असेल का हो?"

मला आधी कळलंच नाही. "कधीपासून?"

"लिस्बनपासून. मला तर सगळं आठवतं तिथलं. पण आठवतंय असं मला नुसतं वाटत असेल."

मी म्हटलं, "चहा निवतोय." त्यापुढे तीन आठवडे मी काही बोललो नाही. त्या तीन आठवड्यांचं माझ्याकडे काही स्पष्टीकरण नाही. रोज सकाळी आज सांगू असं ठरायचं आणि दुपारपर्यंत मी इतका थकलेला असायचो की झोपून जायचो.

तर लिस्बन.

आम्ही कॅरीहून तीन जोडपी गेलो होतो. तिघेही पुरुष नुकते रिटायर झालेले. सगळा प्रवास मी आखला होता. तेहेतीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात काम केलं, नवीन यंत्र बसवलं की ते ठरल्याप्रमाणे चालतं हे कागदावर सिद्ध करून द्यायचं, हे माझं काम. तशीच सहलही. एक्सेलमध्ये पाच दिवसांचा तक्ता. प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं, कुठली ट्राम, किती स्टॉप, स्टॉपपासून किती पावलं. तक्ता लॅमिनेट करून घेतला होता. आमचा एक मित्र नागपूरचा, रिटायर्ड डॉक्टर. तो विमानतळावरच म्हणाला, "भाऊ, यात बाथरूमला जायची वेळ कुठी लिहिली?" मी त्याला बोटाने दाखवली. लिहिलेली होती.

पण ते शहर तक्त्यात बसत नव्हतं. नकाशात दोन रस्ते एकमेकांना चिकटलेले दिसायचे आणि तिथे जाऊन पाहावं तर एक रस्ता खाली आणि दुसरा साठ पायऱ्या वर. फुटपाथ म्हणजे तळहातात मावतील असे पांढरे दगड ठोकून बसवलेले. शेकडो वर्षं पायांनी घासून ते गुळगुळीत झालेत. उतारावर बूट सरकतात. पाच मिनिटांचं अंतर आम्हाला पंधरा मिनिटं लागायचं. बायकोचा उजवा गुडघा तेव्हाच गेलेला होता. ती पायऱ्यांपाशी आली की आधी वर बघायची, मग माझ्याकडे बघायची, मग चढायची. मी वर पोचून घड्याळ बघत उभा असायचो.

तिथे फिरायला प्रत्येकाचं वेगळं कार्ड लागतं. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. मेट्रोच्या मशीनवर ते भरून घ्यायचं आणि ट्राममध्ये चढताना ड्रायव्हरपाशी टेकवायचं. मी दोघांची कार्डं काढली आणि दोन्ही माझ्याच कमरेच्या पाऊचमध्ये ठेवली. दोघांचे पासपोर्टही तिथेच, सगळे युरोही तिथेच, खोलीचं कार्डही तिथेच. लग्न झाल्यापासून असंच आहे. आमच्या पिढीतल्या बहुतेक घरांत असंच आहे. ट्राममध्ये चढताना मी आधी माझं कार्ड टेकवायचो, मग मागे हात करून तिचं. फोनचा प्लॅनही मी एकाच फोनवर घेतला होता, माझ्या. तिचा फोन हॉटेलच्या वायफायवर तेवढा चालायचा, म्हणून ती तो खोलीतच ठेवायची.

तिसऱ्या दिवशी बाकीची दोन जोडपी जवळच्या गावी राजवाडा बघायला गेली. आम्ही बायकोच्या गुडघ्यामुळे मागे राहिलो. विश्रांती घ्यायची असं ठरलं होतं, पण मी सकाळी नवीन तक्ता काढला.

अठ्ठावीस नंबरची ट्राम म्हणजे एकच पिवळा डबा. लाकडी खिडक्या, आत बाकं, आणि उभं राहायला बोळ. सगळं जुनं शहर ती पालथं घालते, म्हणून जगभरचे टूरिस्ट तिच्यात कोंबलेले असतात. आम्ही सकाळी तिने वर टेकडीवर गेलो, उभ्यानेच. वर एक कठडा आहे, तिथून लाल कौलं आणि खालची नदी दिसते. ती बघायला तक्त्यात वीस मिनिटं होती. बायको तिथल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "मी इथेच बसते. तुम्ही या बघून काय ते." मी म्हटलं, पुढे टाइल्सचं म्युझियम आहे, दोनच्या आत पोचायला हवं. टाइल्स तुलाच बघायच्या होत्या.

कठड्याखाली तीनचाकी रिक्षा उभ्या होत्या. खऱ्याच, आपल्यासारख्या, फक्त रंगीबेरंगी, टूरिस्टांसाठी. बायकोने त्या पहिल्या दिवशीच पाहिल्या होत्या आणि लहान मुलीसारखी खूश झाली होती. ती म्हणाली, "अहो, रिक्षाने जाऊ ना. बसून जाता येईल."

"रिक्षात बसायला अमेरिकेतून इथवर आलो का?"

"मग कशाला आलोय? पळायला?"

मी तिला तक्ता दाखवला. ट्रामने खाली, मग बसने पोचता येतं, पास घेतलेला आहे.

ती म्हणाली, "तुम्हाला गाव बघायचंय की तुमचा कागद?"

आजूबाजूला कुणाला मराठी कळत नव्हतं, तरी मला ते चारचौघांत बोलल्यासारखं लागलं. मी स्टॉपच्या दिशेने चालायला लागलो. ती मागून आली, लंगडत. स्टॉपवर गर्दी होती. ती कडेच्या बुटक्या भिंतीवर बसली आणि गुडघा दोन्ही हातांनी दाबायला लागली. ट्राम आली. ती म्हणाली, "ही जाऊ द्या. पुढच्याने जाऊ. मला उठवत नाहीये."

मी चढलो.

माझ्या गोष्टीत मी पुढे चढतो, मागे वळून बघतो तर ही नाही. खरं असं आहे की मी माझं कार्ड टेकवलं, तिचं टेकवलं नाही, आणि आत सरकलो. खिडकीतून ती दिसत होती. तीही बघत होती. तिला वाटलं असणार मी उतरेन. ट्राम हलली तेव्हा ती उठून उभी राहिली. दांडीवर बटण असतं, ते दाबलं की पुढच्या स्टॉपला ट्राम थांबते. माझा हात बटणाशेजारी होता.

पहिल्यांदा मनात आलं ते असं, की पुढच्या स्टॉपला उतरू, पाच मिनिटं बसू दे तिला तिथे. पुढचा स्टॉप आला. उतरलो नाही. त्याच्या पुढच्या स्टॉपला एक बाई उठली आणि मला खिडकीशी जागा मिळाली. तीन दिवसांत पहिल्यांदा मी त्या ट्राममध्ये बसलो. खिडकी उघडी होती. घरांच्या भिंती हाताला लागतील इतक्या जवळून जात होत्या, बाल्कन्यांत कपडे वाळत होते, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून मासे तळल्याचा वास आला. मला बरं वाटत होतं. हेच मी कुणाला कधी सांगितलं नाही. मला राग नव्हता, काळजी नव्हती, मागे कुणी लंगडत येत नव्हतं. मी शेवटपर्यंत गेलो.

शेवटचा स्टॉप शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या कबरस्तानाच्या दारात आहे. तिथे ड्रायव्हर सगळ्यांना उतरवतो. परत जायचं तर पुन्हा रांगेत उभं राहायचं. रांग लांब होती. कार्डासाठी मी पाऊचमध्ये हात घातला आणि हाताला दोन कार्डं लागली. तिच्याकडे कार्ड नाही, पैसे नाहीत, फोन नाही, पासपोर्टही नाही, हे सगळं माझ्या तिथे एकदम लक्षात आलं. मला टॅक्सी करता आली असती. मी तासभर रांगेत उभा राहिलो, कारण टॅक्सी तक्त्यात नव्हती. हे आता वाचून हसू येईल. माझं डोकं त्या दिवशी असंच चालत होतं.

टेकडीवर परत पोचलो तेव्हा तीन वाजले होते. भिंतीवर कुणी नव्हतं. मी कठड्यापाशी पाहिलं, शेजारच्या चर्चमध्ये पाहिलं, दोन दुकानांत विचारलं, फोनमध्ये तिचा फोटो दाखवला. रिक्षावाल्यांना विचारायला मला लाज वाटली, पण विचारलं. मग पायी उतरत गल्ल्यांमधून शोधत हॉटेलवर आलो. सहा वाजून गेले होते.

लॉबीत बाकीची दोन्ही जोडपी आलेली होती आणि त्यांच्या मधे बायको सोफ्यावर बसली होती, पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. नागपूरकर मित्राने विचारलं, "काय भाऊ, वहिनी एकट्याच कशा?" ती अजून कुणाशी काही बोलली नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते.

कारखान्यात काही चुकलं की कारण लिहून द्यावं लागायचं. यंत्र बिघडलं असं लिहिलं तर यंत्र उघडा. पद्धत चुकीची असं लिहिलं तर सगळी पद्धत तपासा. कामगाराचं लक्ष नव्हतं असं लिहिलं की त्याला तासभर ट्रेनिंग आणि फाइल बंद. ती ओळ मी इतक्या वेळा लिहिली होती की तोंडातून आपोआप निघाली.

"कुठे होतीस तू?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. "मी ट्राममध्ये चढलो, मागे बघतो तर ही नाही. नक्की टाइल्स बघत कुठेतरी उभी राहिली असणार."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. टाइल्स बघत राहिले."

"वहिनी, एवढ्या बघितल्या तर एखादी घेऊन तरी यायची," मित्र म्हणाला, आणि सगळे हसले. तिथून ती गोष्ट सुरू झाली. पुढे मी तिच्यात भर घालत गेलो. पोलीस मी आणला. ती त्या पोलिसाशी मराठीतून बोलली, हेही मीच घातलं, कारण त्यावर लोक सगळ्यात जास्त हसायचे. ती खरोखर परत कशी आली हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

मुलगी दर रविवारी सकाळी येते आणि आईच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून देते. डॉक्टरकडे पुन्हा जायला काही दिवस उरले होते, अशा एका रविवारी ती टेबलावर बाटल्या मांडून बसली होती. बायको समोर तांदूळ निवडत होती. इथल्या तांदळात काही सापडत नाही, तरी ती निवडते. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "लिस्बनला तुझी आई हरवली नव्हती. मी तिला सोडून गेलो होतो."

मुलगी गोळ्या मोजत होती. "व्हॉट?"

मी सगळं सांगितलं. वर लिहिलंय ते, याच क्रमाने. बटणाचं सांगितलं, खिडकीशेजारच्या जागेचं सांगितलं. मधे ती एकदाच बोलली, "वेट, तिच्याकडे तिचा फोनपण नव्हता?" मी म्हटलं, तो खोलीत होता. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि डॉक्टरने तुला विचारलं तेव्हा तू राइट म्हणालास."

"हो."

"आय वॉज सिटिंग राइट देअर, बाबा. तू डॉक्टरला ते लिहू दिलंस." तिचा आवाज चढला नाही. ती शाळेतही चढवत नाही म्हणे. मग ती आईकडे वळली. "आणि आई, तू? तू का नाही बोललीस?"

बायको तांदळात बोटं फिरवत होती. "पहिल्या दिवशी म्हटलं, लोकांसमोर यांना तोंडघशी कशाला पाडा. खोलीत गेल्यावर हे स्वतःच बोलतील. नाही बोलले. मग इतक्या वेळा ऐकलं की कंटाळा आला. आणि आता आता मला वाटायला लागलं होतं, हे म्हणतात तसंच झालं असेल. माझंच डोकं चालत नसेल."

"मग तू परत कशी आलीस?" मुलीने विचारलं.

हे तिला सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. तिने ताट बाजूला सारलं.

"तासभर बसले तिथेच. दर ट्रामला वाटायचं, यातून उतरतील. खाली जाणाऱ्या चार गेल्या, वर येणाऱ्या पाच. रिक्षावाल्याला विचारावं वाटलं. पण हॉटेलवर गेल्यावर पैसे कोण देणार? हे तिथे असतीलच असं कुठे होतं? मग बघितलं तर रस्त्यात रूळ. सकाळी आपण हॉटेलच्या कोपऱ्यावरूनच चढलो होतो, म्हणजे रूळ तिथे जाणारच. रूळ धरून निघाले. एका ठिकाणी दोन फाटे फुटले. तिथे बारा नंबरचीही ट्राम जाते. तिथे थांबले, अठ्ठावीस कुठल्या फाट्यावर वळते ते बघितलं, आणि तिच्या मागे गेले. गल्ली एवढी अरुंद की ट्राम आली की भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यायचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यातल्या एका ट्राममध्ये हे होते."

मी म्हटलं, "कोण?"

"तुम्ही. वर चालला होतात. उभे होतात, दाराशी. कागद वाचत होतात. मी भिंतीला चिकटलेली, तुमच्या कोपरापासून एवढ्या अंतरावर." तिने टेबलावर हात ठेवून दाखवलं. "हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नाही मारली. म्हटलं, जाऊ देत वर. शोधू देत."

मुलगी हसली आणि मग डोळे पुसायला लागली. मी टेबलावर सांडलेले तांदूळ गोळा केले.

थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "ओके. लिस्बन काढून टाकलं तर हे सुरू कधी झालं?" आम्ही तिघं मागे मागे जात आठवायला लागलो. दसऱ्याला बायकोने शाळेतल्या बेचाळीस मुलांच्या पाट्यांवर यादी न बघता प्रत्येकाचं नाव घातलं होतं. दिवाळीला चकलीची भाजणी तिने अंदाजाने केली आणि ती बिघडली नव्हती. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला ती मुलीच्या घरी जाताना ओव्हन चालू ठेवून गेली. मुलीने टेबलावरची एक बाटली उचलून तारीख वाचली. रात्री लघवीला पुनःपुन्हा उठावं लागतं म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरने सुरू केलेली गोळी, दिवाळीनंतरच्या आठवड्यातली. तिने ती बाटली पर्समध्ये टाकली. सोमवारी तिने त्या तरुण डॉक्टरकडे फोन केला. डॉक्टरकडून निरोप आला, या गोळीने विसरायला होऊ शकतं, ती तूर्त बंद करा आणि ठरलेली वेळ पंधरा दिवस पुढे न्या.

मधल्या काळात मंडळाचा गुढीपाडवा झाला. जेवणानंतर एका नवीन जोडप्याला घेऊन नागपूरकर मित्र आमच्या टेबलापाशी आला. "भाऊ, यांना लिस्बन नाही माहीत." मी खरं ते सांगितलं. पोलीस नाही, मराठी नाही. कुणी हसलं नाही. नवीन मुलगा प्लेटमधल्या श्रीखंडाकडे बघत राहिला. मित्र शेवटी म्हणाला, "अरे, पहिलीच बरी होती बे."

"मला नव्हती," बायको म्हणाली, आणि तिने त्या जोडप्यातल्या मुलीला विचारलं, तुम्ही पुण्याच्या का.

मग डॉक्टर. या वेळी तिने कॉम्प्युटर उघडला तेव्हा मुलगी म्हणाली, माझी आईच सांगेल. बायकोने इंग्रजीत सांगितलं, मुलांना धडा समजावताना बोलते तसं, एकेक शब्द सुटा. मी हरवले नव्हते. माझे मिस्टर मला सोडून गेले. मी रूळ बघत चालत आले. विसरायला लागले ते दिवाळीनंतर. मग दिवाळी कधी असते तेही सांगितलं. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ती सांगते ते बरोबर आहे, मागच्या वेळी मी खोटं बोललो. डॉक्टर म्हणाली, जुनी नोंद पुसता येत नाही, तिच्याखाली नवीन लिहिते. बराच वेळ लिहीत होती.

तिने आम्हाला फार आशा दाखवली नाही. गोळीमुळे असेल तर दोन-तीन महिन्यांत उतरेल. नसेलही. दोन्ही असू शकतं. मागच्या वेळी सात वर्षं धरून जे बोलले ते मात्र बाजूला ठेवू, पुन्हा पहिल्यापासून बघू. गोळी बंद होऊन आज पाच आठवडे झाले. बायको मुलीला दोनदा फोन करत नाही. परवा मात्र माझा चष्मा तिने फ्रीजमध्ये ठेवला होता, आणि मी विचारल्यावर ती एवढी घाबरली की तो मीच ठेवला असं मी सांगितलं. मग लगेच म्हटलं, नाही, तूच ठेवलास. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत."

त्या दिवशी निघताना तिने डॉक्टरला विचारलं होतं, मला शिकवायला जाता येईल का? डॉक्टर म्हणाली, शिकवायला जा, गाडी चालवू नका. बायकोने तिथेच माझ्याकडे वळून सांगितलं, "शनिवारी साडेनऊला निघायचं. दोन तास थांबायचं. गाडीत नाही, वर्गाच्या दाराशी."

दाराशी ज्या खुर्च्या आहेत त्या पहिलीच्या मुलांच्या. बसलं की उठताना गुडघे ऐकत नाहीत. मी बसतो.